सस्काटून लावताना या चुका टाळा

इथे कॅनडात, एडमंटनमध्ये घर घेतलं की आपली मंडळी मे महिन्यात विचारतात, "सस्काटून लावू का?" जरूर लावा. हे जांभळ्या, खाण्याजोग्या फळांचं इथलंच रानझुडूप. क्री भाषेतल्या याच्या नावावरून कॅनडातल्याच सस्काटून शहराचं नाव पडलं. उणे ४० अंशांतही ते तगतं, त्यामुळे थंडीची चिंता नकोच.

चिंता करा जुनिपरची, म्हणजे बागेत लावतात त्या सुईसारख्या पानांच्या सदाहरित झुडपाची. माझी पहिली दोन रोपं मी कुंपणाच्या जुनिपरपासून चार फुटांवर लावली, तिथे ऊन छान यायचं म्हणून. तिसऱ्या वर्षी फळ धरलं. पावसाळी जूननंतर पानांवर पिवळे ठिपके आले आणि जुलैत फळांना चक्क नारिंगी काटे फुटले. वाटीभरही फळ हाती लागलं नाही, मला रडू आलं. हा तांबेरा. त्याची बुरशी जुनिपरच्या फांद्यांवरच्या गाठींत हिवाळा काढते. वसंतातल्या पावसात त्या गाठी फुगून नारिंगी, बुळबुळीत होतात आणि बीजाणू वाऱ्याबरोबर सस्काटूनवर येऊन पडतात. लोक लगेच फवारा शोधतात. मी जुनिपरच मुळासकट काढला. वारा लांबूनही रोग आणतो, म्हणून थोडा तांबेरा अजून दिसतो. शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या जुनिपरवरच्या गाठीही मी दर एप्रिलमध्ये कापून येते.

दुसरी चूक कात्रीची. फळ गेल्या वर्षीच्या आणि त्याहून जुन्या फांद्यांवर येतं. एका मैत्रिणीनं "आकार नीट नाही" म्हणून वसंतात सगळं झुडूप गुडघ्याएवढं छाटलं. त्या उन्हाळ्यात एकही फळ नाही. मी कळ्या फुटायच्या आधी वाळलेल्या आणि अगदी जुन्या दोन-तीन फांद्या बुडातून काढते. बाकी हात लावत नाही.

करवंदाच्या जाळीला कोण पाणी घालतं, असं म्हणून पाणी तोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं रोपाला पाणी हवंच, आणि बुडाशी गवत नको. पाणी साचणारी जागाही नको. खोलगट जागेत मेमधलं उशिराचं हिव मोहोर जाळतं.

जोडीला दुसरं झुडूप हवंच असं नाही, एकट्यालाही फळ धरतं. पण दुसऱ्याच वर्षी बादली भरेल ही आशा सोडा. बियांपासून लावणाऱ्यांनी तर आणखी धीर धरावा.

हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, खोडाभोवती तारेची जाळी लावा. पक्ष्यांसाठीची जाळी मी फळ लालसर होताच टाकते. जांभळं होईपर्यंत थांबलं तर रॉबिन आधी पोचतात.