घरातील कथावाचन: या चुका टाळा

परभणी जिल्ह्यातील आमच्या घरी गेली आठ वर्षे, सोयाबीन घरात आल्यापासून ज्वारीच्या काढणीपर्यंत, रात्रीच्या जेवणानंतर गोष्टी वाचण्याची बैठक भरते. ती पाहून अनेक नातलगांनी आपापल्या घरी हा उपक्रम सुरू केला आणि बहुतेकांचा दुसऱ्या आठवड्यातच बंद पडला. कारण विचारले की सगळे मोबाइलकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात वाचन कसे चालले होते, हे खोदून विचारल्यावर मात्र त्याच त्या चुका पुढे येतात, आणि त्यांतील बऱ्याचशा मी स्वतः आधी केलेल्या असल्यामुळे मला त्या लांबूनही ओळखू येतात.

पहिली चूक म्हणजे वाचणाऱ्याला मध्येच थांबवून सुधारणे. पहिल्या वर्षी माझा पुतण्या चौथीत होता आणि त्याने मोठ्या हौसेने पुस्तक हाती घेतले होते. आमच्याकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ सहज होतो, त्यामुळे तो ‘पानी’ वाचू लागला. मी ‘पाणी’ म्हटले. पुढच्या ओळीत ‘कोन आहे?’ आले, मी पुन्हा थांबवून ‘कोण’ म्हणायला लावले आणि कोन हा भूमितीत असतो असा विनोदही केला, ज्यावर त्याची बहीण हसली. तिसऱ्या वेळी त्याने पुस्तकातून मान वर करून आधी माझ्याकडे पाहिले आणि मग शब्द उच्चारला. त्यानंतर तो प्रत्येक शब्दापूर्वी माझ्याकडे पाहू लागला. गोष्टीतल्या विहिरीत पडलेल्या म्हातारीचे काय झाले, हे विचारण्याचे भान कोणालाच उरले नाही. अखेर आई म्हणाली, “लेकरू वाचायलंय का पेपर द्यायलंय? तूच वाच बाबा तुझं.” दुसऱ्या दिवशी पुतण्याचे पोट दुखू लागले, आणि ते जवळपास महिनाभर रोज रात्री आठ वाजताच दुखत असे.

आता मी तोंड मिटून ऐकतो. माझी पाळी आली की त्याने वाचलेले शेवटचे वाक्य पुन्हा, शुद्ध आणि सावकाश वाचतो आणि तिथूनच पुढे जातो; ऐकून ऐकून मुलांचा उच्चार आपोआप सुधारतो, फक्त त्याला दोन हिवाळे लागतात. अर्थच उलटत असेल, म्हणजे ‘मण’भर ज्वारीचे ‘मन’भर ज्वारी झाले असेल, तरच बोलतो. ज्यांना दोन हिवाळे थांबण्याचा धीर नाही त्यांनी खुशाल शिकवणी लावावी, पण तिला कथावाचन म्हणू नये.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे गोष्ट संपताक्षणी “सांगा, यातून काय बोध घ्यायचा?” असे विचारणे. पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायाने आपल्या पिढीला लावलेली ही सवय सहजी जात नाही. गोष्ट संपल्यावर मी पुस्तक मिटतो आणि पाणी प्यायला उठतो. प्रश्न यायचा असेल तर तो मुलाकडूनच येतो, आणि बहुधा दोन दिवसांनी, गोठ्यात किंवा शाळेच्या वाटेवर येतो.

आता तयारीविषयी, कारण मला सर्वांत महाग पडलेली चूक ही आहे. पुस्तक आधी न वाचता थेट बैठकीत उघडणे हा आळस आहे, आणि “सर्वांसोबत पहिल्यांदाच वाचण्यात गंमत असते” हे त्या आळसाचे समर्थन आहे. माझे वडील वारले त्या वर्षी, तीन महिन्यांनी, मी एका दिवाळी अंकातील गोष्ट केवळ शीर्षक पाहून निवडली. शीर्षकावरून ती विनोदी वाटत होती आणि पहिली चार पाने विनोदी होतीही. पाचव्या पानावर आजोबा खाटेवरून उठेनासे झाले. तिथे थांबावे, तर मुले पुढचे विचारत होती. पुढे वाचावे, तर समोर आई बसलेली. मी जागच्या जागी मजकूर बदलून आजोबांना बरे करू पाहिले, पण माझा आवाजच फुटेना. आई काही न बोलता उठली, बाहेर ओसरीवर जाऊन बसली, आणि त्या हिवाळ्यात ती पुन्हा बैठकीला आली नाही. गोष्ट वाईट नव्हती. पुढच्या वर्षी आईनेच ती पूर्ण वाचून घेतली. त्या रात्री ती कोणापुढे वाचली जात आहे, याचा विचार मी केला नव्हता, एवढेच.

तेव्हापासून रात्री वाचायची गोष्ट मी दुपारी एकदा स्वतःशी, ओठ हलवून वाचतो आणि हाती पेन्सिल ठेवतो. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा तिथे बारीक रेघ, अडखळायला लावणाऱ्या नावाखाली टिंब, आणि उशीर झाल्यास कुठे थांबता येईल तिथे फुली, इतक्याच खुणा करतो. माझ्या गतीने एका पानाला अडीच ते तीन मिनिटे लागतात, म्हणून आठ-दहा पानांहून मोठी गोष्ट एका रात्रीसाठी मी घेत नाही.

पहिल्याच आठवड्यात जाडजूड कादंबरी काढणाऱ्या उत्साही मंडळींना माझे सांगणे आहे की, आपल्याकडच्या पोथीकडे पाहा. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’ ३६ अध्यायांचा आणि ‘पांडवप्रताप’ ६४ अध्यायांचा आहे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागली की माझे आजोबा ठरलेला भाग वाचून ती बांधून ठेवत, मग श्रोत्यांनी कितीही आग्रह केला तरी सोडत नसत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’तील प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव दिले आहे. तिथे एका बैठकीत तीन रात्री उरकण्याची घाई करू नये. नवख्यांनी सुटसुटीत गोष्टींपासून सुरुवात करावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे पुस्तक नाही ही सबब चालणार नाही.

दूरदर्शन संच आवाज बंद करून सुरू ठेवू नये. डोळे तिकडेच जातात. वाचणाऱ्याने दिव्याखाली, भिंतीला पाठ लावून बसावे, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने जवळ घ्यावे. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत बैठक सुरूच करू नये, कारण दिवसभर वाकलेले माणूस ऐकत नाही, झोपते.

गोष्टीत शेतकरी आला की चित्रपटातल्या पाटलाचा घोगरा आवाज काढणाऱ्यांनी विशेष जपावे. स्वतःच्या घरात रोज ‘कामून’ आणि ‘लेकरू’ म्हणणारी माणसे पुस्तकातील खेडूत वाचताना एकदम ‘कशापायी’च्या सुरात जातात, आणि समोर बसलेल्या आजीला आपल्याच बोलण्याची थट्टा ऐकावी लागते. पात्र आपल्या भागातले असेल तर आपल्या भागाच्या सुरात वाचावे. नसेल तर साध्या आवाजात वाचलेले पुरते.

मोबाइलवर ध्वनिपुस्तक लावून सर्वांना भोवती बसवणे हा हल्लीचा जवळचा मार्ग मला पटत नाही. लातूर-पुणे प्रवासात ते उत्तम आहे. घरात मात्र मांजराने झाकण पाडले तर मोबाइल थांबत नाही, आणि कोणी ‘हं’ म्हणाले नाही तरी त्याला काही कळत नाही. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो, आणि वाचणाऱ्याचा अर्धा कान त्या हुंकाऱ्याकडे असावा लागतो. तो क्षीण झाला की मी गती वाढवत नाही, उलट कमी करतो.

शेवटची चूक झोपेची. ऐकता ऐकता कोणी पेंगले की त्याला हलवून “ऐकतोस ना?” असे विचारले जाते, आणि जागे झालेले माणूस ओशाळून दुसऱ्या दिवशी लवकर अंथरुणात शिरते. आई आता पुन्हा रोज बैठकीला बसते आणि साधारण सहाव्या पानावर झोपते. तिचा हुंकारा ज्या ओळीला थांबला तिथे मी पेन्सिलने एक टिंब देऊन ठेवतो. सकाळी ती भाजी निवडत असताना त्या टिंबापासून पुढे तिला एकटीला वाचून दाखवतो, आणि रात्रीपर्यंत तीही मुलांच्या बरोबरीने पुढच्या गोष्टीला तयार असते.