गिरीश कासरवळ्ळींची ओळख करून देताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एखाद्या कॉलेजात किंवा वाचनालयात कन्नड सिनेमा दाखवायचा ठरला की दिग्दर्शक गिरीश कासरवळ्ळींचं नाव निघतंच. आणि माइकवर त्याचं बहुतेक वेळा ‘कासारवल्ली’ होतं. निवेदकाने नाव इंग्रजी स्पेलिंगवरून उचललेलं असतं. त्या लिपीत अ आणि आ, ल आणि ळ सारखेच दिसतात.

का-स-र-वळ्-ळी असं म्हणा. ‘स’ला काना नाही, ‘र’ पूर्ण उच्चारायचा, घाईत ‘कास्र’ करायचं नाही, आणि शेवटी जोड ‘ळ’. आपल्याला हे जड जायचं कारण नाही. ‘ळ’ आपल्या तोंडात रोजचा आहे आणि बसच्या पाटीवर हुब्बळ्ळी रोज दिसतं. अडलंच तर शेजारच्या कन्नड माणसाकडून एकदा म्हणवून घ्या आणि कागदावर देवनागरीतच उतरवा. आपल्या गावाचं नाव कसं घ्यावं यावर आपण इतके हळवे आहोत, तर पाहुण्याचं नाव नीट घेणं आपल्याकडून व्हायलाच हवं.

सिनेमांच्या नावांचंही तेच. ‘तबराना काठे’ नव्हे, ‘तबरन कथे’. ‘थायी साहेबा’ तर सर्रास ऐकू येतं. इंग्रजीतला ‘टीएच’ इथे ‘त’साठी आहे, म्हणून ‘तायी साहेब’. कन्नडमध्ये शेवटचा ‘अ’ ऐकू येतो, तो आपण गिळतो. ‘द्वीप’ मराठी वळणाने म्हटलंत तरी चालेल, पण ‘द्वीपा’ असा लांबवू नका.

याहून मोठी चूक म्हणजे दोन गिरीशांची सरमिसळ. ज्ञानपीठ मिळालं ते नाटककार गिरीश कार्नाड यांना, 1998 साली. त्यांनीही चित्रपट दिग्दर्शित केले, म्हणून गोंधळ वाढतो. कासरवळ्ळी कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातले, जन्म 1950चा. फार्मसी शिकून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि 1975 साली बाहेर पडले. पुण्यात शिकले म्हणून त्यांना ‘मराठी दिग्दर्शक’ म्हणणारे भेटतात. तसं म्हणू नका, त्यांचं काम कन्नडमधलं आहे.

पुरस्कार सांगताना आकडा नेमका ठेवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ त्यांच्या चार चित्रपटांना मिळालं: ‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’, ‘तायी साहेब’ आणि ‘द्वीप’. पद्मश्री 2011 साली. पुरस्काराचं वर्ष आणि प्रदर्शनाचं वर्ष मात्र एक धरू नका. ‘द्वीप’ला पुरस्कार 2001साठीचा, चित्रपटगृहात तो 2002 साली आला.

निवेदन निव्वळ पुरस्कारांच्या यादीवर उरकू नका. ‘तबरन कथे’तला निवृत्त शिपाई आपल्या पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. इथल्या कुठल्याही तालुक्यातल्या माणसाला ते दोन वाक्यांत कळतं, आणि मग सबटायटल वाचायचा कंटाळा उरत नाही. ‘द्वीप’मध्ये धरणाचं पाणी चढतं आणि एक कुटुंब गाव सोडत नाही. हिडकल धरणाच्या पट्ट्यात हे सांगा, सभागृह आपसूक गप्प होईल.

आणि वैशाली कासरवळ्ळी यांना ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावर सोडू नका. त्या अभिनेत्री होत्या, मालिका दिग्दर्शित करत, आणि ‘तायी साहेब’च्या वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांचा आहे.