पीएचपीत एरर हाताळताना या चुका टाळा

साइट उघडली आणि कोरं पांढरं पान दिसलं, की बहुतेकांचा हात आधी डिस्प्ले एरर्स (एरर थेट पानावर दाखवणारं सेटिंग) चालू करायला जातो. लाइव्ह सर्व्हरवर हे करू नका. डेटाबेस कनेक्शन फसलं तर स्टॅक ट्रेसमधून (एरर कुठल्या फंक्शन्समधून आली त्याची यादी) युजरनेम, जुन्या आवृत्त्यांत पासवर्डसुद्धा, साइटवर आलेल्या कुणालाही वाचता येऊ शकतो. डिस्प्ले बंद, लॉग चालू, आणि लॉगची फाइल ब्राउझरमधून उघडणार नाही अशा जागी, एवढं पुरे. शिवाय फाइलमध्ये सेमिकोलन राहिला असेल, तर त्याच फाइलच्या पहिल्या ओळीत केलेलं सेटिंग कामाचं नाही. फाइल पार्सच झाली नाही, तर तिची पहिली ओळ तरी कशी चालणार?

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक कॅचमध्ये, म्हणजे कोडने फेकलेली अडचण पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये, असते. २०१५ च्या पीएचपी ७ पासून एरर आणि एक्सेप्शन हे दोन वेगळे क्लास आहेत, आणि दोघांचा सामायिक इंटरफेस म्हणजे थ्रोएबल. तुम्ही फक्त एक्सेप्शन पकडत असाल तर टाइप एरर (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्यावर येणारा) सरळ निसटतो. अगदी वरच्या थरावर थ्रोएबल पकडा. आतल्या थरांत मात्र ज्याचं काही करता येईल तेवढंच. नेमस्पेस (क्लासच्या नावांचा वेगळा गट) असलेल्या फाइलमध्ये एक्सेप्शनच्या आधी बॅकस्लॅश विसरलात, तर पीएचपी त्याच नेमस्पेसमधला क्लास शोधतं. तो नसला तरी तक्रार करत नाही, कॅच मात्र कधीच चालत नाही. हा सापळा मला पीएचपीतला सर्वात खोडसाळ वाटतो.

रिकामा कॅच तर लिहूच नका. ग्राहकाला ‘ऑर्डर नोंदली’ असं दिसतं आणि टेबलात ओळच नसते.

होस्टिंगवाल्याने पीएचपी ७.४ वरून ८.१ वर नेलं आणि साइट कोसळली? डेटाबेसशी बोलणाऱ्या एक्स्टेन्शनपैकी पीडीओ ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून क्वेरी फसली की आपणहून एक्सेप्शन फेकतात. आधी ते नुसतं फॉल्स परत देत. त्यामुळे जुन्या कोडमधल्या ‘ऑर डाय’पर्यंत (फॉल्स आलं तर तिथेच थांबवणारी ओळ) गाडी पोचतच नाही.

उलट, फाइल वाचणारी जुनी फंक्शन्स अजूनही वॉर्निंग देऊन फॉल्स परत करतात. त्यांच्याभोवती ट्राय-कॅच लावून उपयोग नाही. परत आलेली किंमत तपासा, किंवा एरर हँडलर लावून वॉर्निंगचं एरर-एक्सेप्शन करा. हँडलर जुना असेल तर ॲट चिन्हाची (@, वॉर्निंग दाबणारं) तपासणी बघा: तिथे एरर रिपोर्टिंगची किंमत पूर्वी ० मिळायची, ८.० पासून ती ४४३७ असू शकते.

एक्सेप्शन पकडून ‘क्षमस्व’चं सुबक पान दाखवत असाल, तर रिस्पॉन्स कोड ५०० स्वतः द्यावा लागतो. नाहीतर २०० जातो आणि नुसता कोड बघणारं मॉनिटरिंग साइट ठणठणीत असल्याचं सांगत राहतं. हा कोड आउटपुटचं पहिलं अक्षर बाहेर पडण्याआधी द्या. हेडर गेल्यावर तो बदलता येत नाही.