मिक्स्चर रिच ठेवायचं की लीन? पॉवर, ॲव्हरेज आणि कार्बोरेटरचं सेटिंग

गाडीचं ॲव्हरेज पडलं की बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन आधी कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) मिक्स्चर स्क्रू फिरवायला बसतात, आणि मला तिथेच थांबवायचंय, कारण तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असतो तेव्हाच काम करतो. गाडी पळताना पेट्रोल येतं ते सुईच्या (ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होते ती) कडेने आणि मेन जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), तिथे हा स्क्रू फार काही करत नाही.

आधी मूळ हिशोब बघा. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ११ किलो हवा, लिटरमध्ये मोजली तर नऊ हजार लिटरच्या आसपास, एवढी हवा त्या छोट्या एअर फिल्टरमधून जाते. हवा यापेक्षा जास्त झाली की मिक्स्चर लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हा आकडा खाली येतो कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट ठेवून इथेनॉलवालं पेट्रोल टाकलं की कार्बोरेटरची गाडी आपोआप थोडी लीन चालते.

आता पॉवर. पेट्रोल आपण हवं तेवढं पाठवू शकतो पण हवा सिलेंडरमध्ये मावेल तेवढीच येणार, म्हणून पॉवर पाहिजे असेल तर आत आलेला ऑक्सिजन सगळा वापरला गेला पाहिजे. मिक्सिंग कधीच शंभर टक्के सारखं होत नाही, म्हणून पेट्रोल जरा जास्त द्यायचं, म्हणजे हवा साधारण १२.५ ते १३ ला पेट्रोल १. वर ते जास्तीचं पेट्रोल उडताना आतली हवा थंड करतं, त्यामुळे नॉकिंगही (मिक्स्चर अवेळी भडकून येणारा किटकिट आवाज) कमी होतं. पण त्याच्याही पुढे रिच केलं की पॉवर परत पडायला लागते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं.

ॲव्हरेजचं बरोबर उलटं असतं. तिथे पेट्रोलचा थेंब न् थेंब जळला पाहिजे म्हणून हवा जरा जास्त, १५.५ ते १६ च्या आसपास. पण लीन करत गेलं की ॲव्हरेज वाढतच जातं असं अजिबात नाही! फार लीन मिक्स्चर हळू जळतं, मधूनच मिसफायर होतं, पिकअप मरतो, मग तुम्ही ॲक्सिलरेटर जास्त पिळता आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं.

माझ्या जुन्या गाडीत एका मेकॅनिकने ॲव्हरेज वाढेल म्हणून मेन जेट लहान नंबरचं टाकलं होतं. सपाट रस्त्याला ठीक वाटायचं पण चढाला फुल थ्रॉटल दिला की किटकिट आवाज. प्लग काढला तर चुन्यासारखा पांढरा, आणि पोर्सेलिनवर मिठाच्या दाण्यापेक्षाही बारीक चमकणारे ठिपके. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. असे दिसले की गाडी त्या सेटिंगवर अजिबात चालवू नका, पिस्टनला भोक पडू शकतं.

सेटिंग करायचंच असेल तर आधी एअर फिल्टर साफ करा, प्लगचा गॅप बघा, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला चीर गेलीय का ते बघा (तिथून हवा ओढली गेली तर स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग बसणार नाही). टायरमधली हवा आणि घासणारा ब्रेकही बघून घ्या, ॲव्हरेज कितीतरी वेळा तिथेच गेलेलं असतं.

मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून नीट गरम करा आणि काम उघड्यावरच करा, बंद खोलीत नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. स्क्रू पूर्ण आत घेताना किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, आणि टेकला की थांबा, आवळलात तर टोक खराब होतं. मग तेवढेच फेरे परत बाहेर. आता आयडलिंग थोडं वाढवून स्क्रू पाव पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून ऐका. जिथे इंजिन सगळ्यात वेगात आणि एकसारखं चालतं ती जागा तुमची, मग आयडलिंग परत नॉर्मलला आणा. एक लक्षात ठेवा, स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन होतं, आणि इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. यात घोळ झाला तर सगळंच उलटं होतं.

मधल्या थ्रॉटलला प्रॉब्लेम असेल तर सुईची क्लिप बघा, क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते आणि मिक्स्चर रिच होतं. एका वेळी एकच खाच, मग आठ-दहा किलोमीटर चालवून प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर बरोबर, कोरडा काळा आणि काजळीचा असेल तर रिच.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत यातलं काही करू नका, तिथे ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या गॅसवरून १४.७ च्या आसपास स्वतःच पकडून ठेवतो आणि फुल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच रिच करतो. तिथे ॲव्हरेज अचानक पडलं तर ऑक्सिजन सेन्सर चेक करून घ्या, आणि सायलेन्सरचा पाइप सेन्सरच्या आधी कुठे लीक आहे का तेही, कारण तिथून बाहेरची हवा आत आली की सेन्सरला मिक्स्चर लीन वाटतं आणि ईसीयू उगाचच पेट्रोल वाढवत राहतो.