डायटोमेशियस अर्थ बागेत वापरताय? या चुका टाळा

"पावडर टाकून चार दिवस झाले, मावा जसाच्या तसा आहे. काय चुकलं?" गच्चीवर भाजी लावणाऱ्या मैत्रिणींकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. मी त्यांना एकच सांगते, आधी पान उलटं करून बघ. पावडर पानाच्या वरच्या बाजूला असते, मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे ते बारीक किडे, खालच्या बाजूला, आणि सकाळ-संध्याकाळ झारीने घातलेल्या पाण्याने वरची पावडरही धुऊन गेलेली असते.

डायटोमेशियस अर्थ, म्हणजे बागवाल्यांच्या बोलण्यातली 'डीई पावडर', ही खरं तर एक प्रकारची माती आहे. डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ पाण्यात वाढतं आणि स्वतःभोवती सिलिकाचं कवच बनवतं. लाखो वर्षं तळ्यांच्या आणि समुद्राच्या तळाशी साचलेली ही कवचं खणून, दळून ही पूड तयार होते. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी टिकून राहतं. ही पूड तो थर शोषून घेते, थोडाफार खरवडते, आणि किडा सुकून मरतो. यात विष काहीच नाही. आजी चुलीतली राख चाळून काकडीच्या कोवळ्या वेलावर भुरभुरायची, त्यामागेही असंच काहीसं तत्त्व होतं. पूड कोरडी असली आणि किड्याच्या अंगाला लागली तरच काम होतं. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

भलतीच पावडर आणणं

ही चूक मी सगळ्यात आधी सांगते, कारण यात झाडाचं नाही, आपलं नुकसान आहे.

डायटोमेशियस अर्थ दोन तऱ्हेने बाजारात येते. एक नैसर्गिक, नुसती वाळवून दळलेली. दुसरी भट्टीत खूप जास्त तापमानाला भाजलेली. भाजलेली पावडर पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये आणि कारखान्यांत द्रव गाळायला वापरतात. भाजताना तिच्यातल्या सिलिकाचं रूप बदलतं आणि बराच भाग स्फटिकी होतो. अशी स्फटिकी सिलिका श्वासावाटे वारंवार आत गेली तर फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. दगडखाणीत आणि पाटा-वरवंटा घडवण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांचा तोच आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

मी पहिल्यांदा ही पावडर शोधत होते तेव्हा एका दुकानदाराने "हीच ती" म्हणून दोन किलोची पिशवी निम्म्या भावात दिली होती. घरी येऊन चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला, तर त्यावर 'फिल्टर एड' लिहिलेलं. पिशवी उघडलीसुद्धा नाही. तुम्हीही घेताना पाकिटावर 'फूड ग्रेड' किंवा कीड नियंत्रणासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा, आणि स्फटिकी सिलिकेचं प्रमाण दिलं असेल तर तेही वाचा. रंगावरून ओळखायला जाऊ नका. 'कॅल्साइन्ड' (म्हणजे भाजलेली) किंवा 'फिल्टर' हा शब्द दिसला की ती पावडर बागेसाठी नाही.

आणखी एक घोटाळा होतो. हीच माती सिलिकॉन खत म्हणूनही विकली जाते, अनेकदा दाणेदार रूपात. दाणे मातीत घालायला ठीक, पण किड्याच्या अंगाला ते चिकटत नाहीत. बोरिक पावडर तर पूर्ण वेगळी वस्तू आहे. ती पोटात गेली की विषारी असते, तिला डीईचा पर्याय समजू नका.

आणि 'फूड ग्रेड' लिहिलंय म्हणून ती खायची किंवा पाण्यात ढवळून प्यायची वस्तू होत नाही.

"नैसर्गिक आहे, मग मास्क कशाला?"

नैसर्गिक पावडरसुद्धा अतिशय बारीक धूळ आहे. नाकात गेली तर घसा कोरडा पडतो, खोकला येतो, डोळ्यांत गेली तर चरचरते. दमा असलेल्या माणसाने ती उडवूच नये, दुसऱ्याला सांगावं. बाकीच्यांनी एन-95 मास्क आणि साधा बंद चष्मा लावावा. ओढणी किंवा रुमाल बांधून भागत नाही, इतके बारीक कण कापडातून सहज आत जातात. हातमोजेही घाला, नाहीतर दोन दिवस बोटं कोरडी, खरखरीत राहतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार आधी करायचा. गॅलरीत उभं राहून पावडर फुंकली की ती खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, किंवा उलटी आपल्याच हॉलमध्ये येते. पंखा बंद करा, घराची दारं लावून घ्या, मुलांना आणि मांजराला आत ठेवा, आणि वारा पडलेला असताना कुंडीच्या जवळ वाकून काम करा. खाली सांडलेली पूड केरसुणीने झाडू नका. ती पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पावडर टाकायला फुंकणीची गरजच नसते. जुन्या मलमलीच्या तुकड्यात दोन चमचे पावडर घालून पुरचुंडी बांधायची आणि पानाच्या खाली धरून बोटाने हलकेच टिचकी मारायची. रंगकामाचा मऊ ब्रशही चालतो. धूळ कमी उडते आणि हवी तिथेच बसते.

पावसात आणि पाणी घालण्याआधी टाकणं

ऑगस्टमध्ये वांग्याच्या झाडावर टाकलेल्या पावडरचं दुसऱ्या दिवशी काय होतं ते एकदा बघा. पानाच्या शिरांमध्ये तिचा राखाडी चिखल बसतो, आणि त्या चिखलावरून तुडतुडे आरामात फिरतात. ओली झालेली पावडर मेण शोषू शकत नाही. सुकल्यावर ती थोडी पुन्हा काम करते, पण तोवर बरीचशी वाहून गेलेली असते. दमट हवेतही तिचा जोर कमी होतो. म्हणून कोकणात, मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या झाडांसाठी माझ्या मते ही पावडर विकतच घेऊ नये. त्या दिवसांत निंबोळी अर्क, साबणाचं पाणी आणि हाताने वेचणं जास्त कामाचं. ऑक्टोबर हिटपासून पुढे मात्र तिचा हंगाम.

उन्हाळ्यातही क्रम चुकतो. आधी कुंडीला पाणी घाला, तेही बुडाशी, पानं भिजू न देता. पृष्ठभाग सुकला की मग पावडर. पानांवर हलकं दव असताना टाकली तर छान चिकटते आणि उन्हात वाळली की कामाला लागते. पाऊस आला किंवा पानांवर पाणी पडलं की पुन्हा टाकावी लागते, याला इलाज नाही.

पाण्यात मिसळून फवारतात तेही बरोबर आहे, फक्त अपेक्षा नीट ठेवा. एक लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा, सतत हलवत राहायचं, कारण ती तळाशी बसते आणि पंपाचं नोझल तुंबतं. पानाच्या खालच्या बाजूला पोचायला आणि धूळ न उडू द्यायला ही पद्धत चांगली. पण फवारा ओला असेपर्यंत काहीही होणार नाही. पान वाळून त्यावर पांढुरकी झाक दिसली की मग काम सुरू.

पिठासारखा थर देणं

जास्त टाकली तर लवकर मरतील, असं वाटतं. होतं उलटं. ढीग दिसला की मुंग्या त्याला वळसा घालून जातात. मी एकदा कढीपत्त्याच्या कुंडीच्या काठावर अगदी विरळ पूड टाकून भिंग घेऊन बसले होते. मुंगळा त्या भागातून गेला, पुढे जाऊन थांबला, आणि पुढच्या पायांनी मिशा पुसायला लागला. पुसतो, चार पावलं जातो, परत पुसतो. पायांना, सांध्यांना पूड लागलेली दिसत होती. एवढी विरळ हवी, की पान बोटाने पुसल्यावर बोटाला पावडरचा अंश लागावा, पण लांबून पान हिरवंच दिसावं. दाट थराने पानाला ऊनही कमी मिळतं.

फुलांवर टाकणं

ही पावडर मित्र आणि शत्रू ओळखत नाही. मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे, त्यांच्या अळ्या, मधमाश्या, सगळ्यांच्या अंगावर मेणाचा तसाच थर असतो. मधमाशीच्या अंगावर तर परागकण पकडायला केस असतात, त्यांत ही पूड अडकते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर दिवसभर मधमाश्या असतात. तुळशीला मावा दिसला तरी मंजिऱ्यांना हात लावू नका, खालच्या पानांपुरतं बघा किंवा सरळ पाण्याच्या धारेने मावा उडवून टाका.

"मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी टाका" असा सल्ला सगळीकडे मिळतो. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, तिथे तो ठीक आहे. पण दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळीच, आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. तुम्ही सहा वाजता पुरचुंडी घेऊन वेलाजवळ गेलात, तर नेमक्या परागीभवनाच्या वेळी पावडर टाकाल आणि मग "फुलं येतात पण दोडका धरत नाही" म्हणून कोड्यात पडाल. त्यामुळे घड्याळापेक्षा फूल बघा. वेलाला फुलं लागली की पावडर फक्त बुंध्याशी आणि खालच्या जुन्या पानांवर. कोवळी रोपं दोन-चार पानांची असताना, म्हणजे लाल भुंगेरे त्यांची चाळणी करतात त्या काळात, तिचा खरा उपयोग आहे. तेव्हा फुलंही नसतात.

गांडुळांची काळजी अनेकांना वाटते. ओल्या मातीत ही पावडर काम करत नाही, त्यामुळे कुंडीच्या पृष्ठभागावरच्या चिमूटभर पुडीने गांडुळांना धोका नाही. गांडूळखताच्या पेटीत मात्र उगाच टाकू नका.

जी कीड हिला सापडतच नाही तिच्यावर टाकणं

वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत असते. नागअळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते. हुमणी मातीत असते. या तिघींपर्यंत पावडर पोचत नाही. शेंडा वाळलेला दिसला तर तो अळीसकट कापून नष्ट करा. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर स्वतःचंच कापसासारखं आवरण असतं, तिथे आधी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने घासणं लागतं.

शंखी गोगलगायींवर तर भरवसा ठेवूच नका. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात या गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपं फस्त केली, ते दिवस शेतकरी विसरलेले नाहीत. त्या बाहेर पडतात रात्री आणि ओलीत, म्हणजे जेव्हा ही पावडर निकामी असते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बागेत टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. कष्टाचं आहे, पण खात्रीचं.

सगळं नीट केलं, तरी फरक नाही?

आधी दिवस मोजा. ही पावडर लागल्या लागल्या किडा उलटा पडत नाही. एक दिवसापासून आठवडाभरही लागू शकतो. चौथ्या दिवशी पान उलटं करून बघा. मावा खालीच असेल तर पावडर खाली पोचलेली नाही. मावा कमी होऊन पुन्हा वाढत असेल तर खोडावरून मुंग्या ये-जा करतायत का बघा. माव्याच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट पाझरासाठी मुंग्या त्याला राखतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. अशा वेळी पानांवर पावडर वाढवण्याऐवजी कुंडीच्या काठावर आणि बुंध्याभोवती कोरडा पट्टा द्या. वारूळ त्याने मरणार नाही, पण झाडावरची वाट तुटते.

भाजी काढल्यावर वाहत्या पाण्यात चोळून धुवा. पालेभाजीवर शक्यतो टाकूच नका, मेथी-पालकाच्या घड्यांतून ती निघता निघत नाही.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, स्वयंपाकघराबाहेर. दिसायला ती हुबेहूब मोदकाच्या पिठीसारखी आणि दिवाळीत रांगोळीसारखी दिसते. माझ्या डब्यावर मी मोठ्या अक्षरांत 'बागेची पावडर, खायची नाही' असं लिहून चिकटवलंय, आणि तो खुरप्याच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतो, नातवंडांचा हात पोचणार नाही असा.