कायझरस्टूलला जाण्यापूर्वी: भूविज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

सह्याद्रीच्या बेसॉल्टवर शिकून जर्मनीत पदव्युत्तर अभ्यासासाठी आलेल्या विद्यार्थ्याला कायझरस्टूल प्रथम पाहताना त्यात ज्वालामुखीसारखे काहीच जाणवत नाही. फ्रायबुर्गच्या वायव्येस, ऱ्हाईनच्या खचदरीच्या सपाट तळातून वर आलेला हा जेमतेम 15 किलोमीटर लांबीचा डोंगरसमूह आहे. त्याचे सर्वोच्च शिखर टोटेनकोप्फ 557 मीटर उंच आहे, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. उतारांवर सर्वत्र द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या आहेत. येथील ज्वालामुखी साधारण 1.9 ते 1.5 कोटी वर्षांपूर्वी जागृत होता.

दख्खनमध्ये आपण कित्येक किलोमीटर चाललो तरी खडकाचा स्वभाव फारसा बदलत नाही, आणि त्यामुळे नाव आधी ठरवून मग खडकाकडे पाहण्याची सवय नकळत लागते. कायझरस्टूलमध्ये एका दिवसाच्या पायपिटीत टेफ्राइट, फोनोलाइट आणि कार्बोनेटाइट असे शिलारसापासून बनलेले अगदी वेगवेगळे खडक भेटतात. झास्बाखजवळच्या लिंबुर्गवर तर त्याच टेकडीवरून नाव पडलेला लिंबुर्गाइट आहे. माझी पहिली चूक शेलिंगेनजवळच्या कार्बोनेटाइटवर झाली. पांढुरका, भरड स्फटिकांचा दगड होता. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच तो जोरात फसफसला, आणि मी नोंदवहीत निःशंकपणे ‘संगमरवर’ असे लिहिले. आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्यांतील कॅल्साइट, म्हणजे संगमरवरातही असणारे चुन्याचे खनिज, असाच फसफसतो, पण तो नंतर भरलेला असतो. संपूर्ण खडकच कॅल्साइटचा आणि तरीही शिलारसातून गोठलेला असू शकतो, हे पुस्तकात वाचूनही मला तेथे सुचले नाही. मार्गदर्शकांनी काही न बोलता भिंग हातात दिले. कॅल्साइटच्या कणांमध्ये मॅग्नेटाइटचे काळे ठिपके, अभ्रकाची पाने आणि अ‍ॅपेटाइटचे स्फटिक होते; कार्बोनेटाइटची ओळख तीच होती. तेव्हापासून मी आम्लाची प्रतिक्रिया, भिंगातून दिसलेली खनिजे आणि आसपासच्या खडकाशी असलेली सीमा या तिन्ही गोष्टी लिहून झाल्याशिवाय खडकाचे नाव लिहीत नाही.

भारतात कार्बोनेटाइट पाहण्याची इच्छा असल्यास गुजरातमधील छोटा उदेपूरजवळचे आंबा डोंगर हे ठिकाण अवश्य गाठावे. तेथील कार्बोनेटाइटची नोंद 1963 मध्ये सुखेश्वाला आणि उदास यांनी केली होती आणि तो दख्खनच्या ज्वालामुखी कालखंडाशी निगडित आहे. येथे येण्यापूर्वी मी ते पाहिले असते, तर वरील फजिती बहुधा टळली असती.

उघडा खडक शोधणे हे या भागातील खरे कष्टाचे काम आहे. हिमयुगात ऱ्हाईनच्या पूरमैदानातून वाऱ्याने उडून आलेली पिवळसर धूळ, म्हणजेच लोएस, डोंगरावर काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीने साचली आहे. तिच्यात शतकानुशतकांच्या वर्दळीने खोल घळींसारख्या वाटा झाल्या आहेत. त्यांच्या उभ्या भिंती पाहण्यासारख्या असल्या, तरी ज्वालामुखीच्या नकाशाला त्यांचा उपयोग नसतो. अशा जागी नवख्याने अंदाजाने सीमारेषा ओढू नये; नकाशात ती तुटक दाखवावी.

बाडबेर्ग आणि हाझेलशाखर बुक हे संरक्षित भाग असल्यामुळे तेथे हातोडा चालवता येत नाही. नमुना हवाच असेल, तर विभागाकडून परवानगीची जागा विचारून घ्यावी. ब्योत्झिंगेनची फोनोलाइटची खाण चालू असल्याने तेथेही परवानगीशिवाय शिरू नये. त्या खडकात झिओलाइट, म्हणजे आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडतात ती खनिजे, विपुल आहेत, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याचा पाय तेथून लवकर निघत नाही. गवतात गोचीड असतात आणि दक्षिण जर्मनीत त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो, म्हणून त्यावरील लस आधीच घ्यावी आणि संध्याकाळी अंग तपासावे.

शक्य असल्यास मार्चमध्ये जावे. तेव्हा वेलींना पाने नसतात, त्यामुळे मळ्यांच्या बांधांवरील खडक दुरूनही दिसतो. सप्टेंबरमध्ये मात्र द्राक्षांची तोडणी चालू असते आणि अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर थांबवून खडक पाहणारा विद्यार्थी कोणालाच नको असतो.