किरायाने दिलेलं गावचं घर विकलं? रिटर्न भरताना या चुका टाळा

दर्यापूरकडचे एक निवृत्त गुरुजी विक्रीची कागदं पिशवीत घालून आले. घर 2009-10 साली बांधलेलं, आठ लाखांत. पोरांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड अमरावतीला हललं तेव्हा ते किरायाने दिलं, आणि 2025-26 मध्ये 26 लाखांना विकलं. "शेजाऱ्यानं वावर विकलं, त्याले एक रुपया टॅक्स नाही लागला. मले कायले लागते जी?"

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. गावाकडची शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता (जी विकल्यावर नफ्यावर कर लागतो ती) नाही, म्हणून शेजारी सुटला. घर मात्र गावठाणात असलं, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर असलं, तरी भांडवली मालमत्ताच. उलटंही होतं: लोक घराच्या पैशात वावर घेतात आणि सूट मागतात. घराच्या नफ्यावर कलम 54 ची सूट हवी तर दुसरं राहण्याचं घरच घ्यावं लागतं.

गुरुजींना वाटायचं, किरायाने दिलं म्हणजे ही सूट गेली. नाही गेली. स्वतः राहा की किरायदार ठेवा, राहण्याचं घर ते राहण्याचं घर. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत नवं घर घ्या, नाहीतर तीन वर्षांत बांधा. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नसतील तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात, म्हणजे या सुटीचे पैसे ठेवायच्या खास खात्यात टाका. हे खातं बँकेच्या ग्रामीण शाखेत उघडत नाही, शहरातली शाखा गाठावी लागते. जुलैच्या शेवटच्या दिवशी हे कळलं तर एसटी पकडूनही उपयोग नाही.

आता हिशोब. 26 वजा 8, नफा 18 लाख, साडेबारा टक्क्यांनी 2 लाख 25 हजार. बरेच जण इथंच थांबतात. पण 23 जुलै 2024 पूर्वीचं घर असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाने खर्च वाढवून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. 2009-10 चा निर्देशांक 148, 2025-26 चा 376. आठ लाखांचे 20,32,432 होतात, नफा 5,67,568 उरतो आणि कर सुमारे 1 लाख 13 हजार. सेस वेगळा. म्हणजे जवळजवळ अर्धा! हे जुन्या 1961 च्या आयकर कायद्याचं गणित. 1 एप्रिल 2026 पासूनच्या विक्रीला नवा कायदा लागतो. घर वडिलांकडून आलं असेल तर त्यांचा खर्च आणि त्यांच्या ताब्याचा काळही तुमचाच धरतात, खर्च शून्य लिहू नका.

आपल्या काळ्या मातीत भिंतींना दर उन्हाळ्यात तडे जातात. गुरुजींनी दरवर्षीचं प्लास्टर आणि रंगाचा खर्च जोडून आणला होता. तो चालत नाही, ती डागडुजी झाली. किरायावर मिळणाऱ्या 30 टक्के वजावटीतच ती आली. 2014 ला घातलेली वरची खोली मात्र चालते. त्यासाठी सिमेंट-सळाखीची बिलं आणि मिस्त्रीची वही जपायला हवी. कर्जाचं व्याज किरायातून वजा केलं असेल तर तेच पुन्हा घराच्या किमतीत घालता येत नाही.

इसार रोख घ्यायची आपली सवय मोडाच. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो. बँकेतून घेतलेल्या इसाराचा दुसरा फायदाही आहे. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघाली तर कर त्या चढ्या किमतीवर लागतो. पण करार आधीचा असेल आणि इसार बँकेतून आलेला असेल तर कराराच्या दिवशीची किंमत धरता येते.

गुरुजींनी मोबाइलच्या दुकानात रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, भरून टाकलं होतं, त्यात विक्रीच नव्हती. घर विकलं की आयटीआर-2. त्यात विक्रीच्या महिन्यापर्यंतचा किरायाही दाखवायचा. सुधारित रिटर्न भरलं. वरच्या खोलीची बिलं पिशवीत नव्हती, ती आणायला ते परत गावी गेले.